उष्माघात: प्रश्न उन्हाचा, तितकाच पाण्याचा

औरंगाबादचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सगळीकडून मिळतो. पण ते पाणी घरात आहे का, हे कुणी विचारत नाही.

शरीराचे आतले तापमान साधारण 37 अंश असते. बाहेरची हवा त्याहून तापली की उष्णता बाहेर टाकायला घामाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. आणि नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळला तरच गारवा मिळतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यात पारा 38 अंशांच्या आसपासच होता, तरी 14 जणांचा जीव गेला. डोक्यावर उघडे ऊन, आणि दमट हवेत घाम नीट वाळत नाही.

मराठवाड्यात उलटे आहे. हवा कोरडी, घाम लगेच उडून जातो. कपडे भिजत नाहीत, त्यामुळे अंगातले किती पाणी गेले ते कळतच नाही. उन्हात मेहनत करणाऱ्याचा तासाला लिटरभर घामही जाऊ शकतो. वयस्करांना तहान उशिरा जाणवते. म्हणून दादा-दादी नको म्हणाले तरी थोडे थोडे पाणी देत राहावे.

कोरड्या हवेत ओले कापड, कूलर हे स्वस्त आणि चांगले उपाय. पण नळ कित्येक दिवसांआड येत असेल, तर पत्र्याच्या घरातल्या माणसाने कूलरमध्ये काय घालायचे? चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने नहरीने या शहराला पाणी दिले. आज जायकवाडी जवळ असूनही आपण टँकरची वाट पाहतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या वस्त्यांना आधी पाणी द्या, ही आमची महापालिकेकडे मागणी आहे. हा आता जीव वाचवण्याचा प्रश्न आहे.

काही गोष्टी आपल्याही हातात आहेत. दुपारची वरात टाळा. मशिदीबाहेर सबील लावा, दुपारी मजुरांना सावलीत बसू द्या. कडक उन्हात जुहर थोडी उशिरा पढण्याची शिकवण हदीसमध्येच आहे.

उन्हातला माणूस असंबद्ध बडबडू लागला किंवा कोसळला, तर 108 ला फोन करा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी घालू नका.