स्वस्त, पण चोरीची नव्हे

बेस गिटार शिकायला निघालेल्या मुलामुलींचे आईबाप हल्ली वरचेवर विचारतात, ‘मूळ अमेरिकन गिटार परवडत नाही, त्याच आकाराची स्वस्तातली घेतली तर चालेल का?’ विचारताना आवाजात संकोच असतो, जणू काही गैर करायला निघालेत. हा संकोच मला पटत नाही. स्वस्त गिटार आणि नकली गिटार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक पटवून द्यायला स्टिंगरे या बेस गिटारइतकं चांगलं उदाहरण नाही.

लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणली आणि माणसाएवढा डबल बेस गावोगाव वाहून नेणाऱ्या वादकांची सुटका केली. १९६५ मध्ये त्यांनी आपली कंपनी सीबीएसला विकली, पण त्यांचे हात काही स्वस्थ बसले नाहीत. टॉम वॉकर आणि फॉरेस्ट व्हाइट या जुन्या सहकाऱ्यांबरोबर ते ‘म्युझिक मॅन’मध्ये आले आणि १९७६ साली स्टिंगरे जन्माला आली. घोडीच्या बाजूला एकच दणकट पिकअप. मानेच्या टोकाला, म्हणजे हेडस्टॉकवर, एकीकडे तीन खुंट्या, दुसरीकडे एक. आणि पोटात नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप, म्हणजे खर्ज किंवा वरचे सूर गिटारवरच्या बटणांनीच उठवायचे. शीक या गटाचं १९७९ चं ‘गुड टाइम्स’ कुणी ऐकलं नसेल तर आज ऐका. बर्नार्ड एडवर्ड्स यांच्या हातातली स्टिंगरे त्या गाण्यात इतकी ठसठशीत बोलते, की बाकीची वाद्यं तिच्यामागून चालल्यासारखी वाटतात.

१९८४ मध्ये म्युझिक मॅन अर्नी बॉल यांच्याकडे आली. कॅलिफोर्नियातल्या सॅन लुईस ओबिस्पोच्या कारखान्यात बनणाऱ्या स्टिंगरेची किंमत आज दोन हजार डॉलरच्या पुढे आहे. कॉलेजात शिकणाऱ्या पोराने ती आणायची कुठून? कंपनीने यावर रीतसर वाट काढली. आकार वापरायचा परवाना दुसऱ्या उत्पादकाला दिला आणि त्यातून ओएलपी नावाच्या गिटारी आल्या. ‘ऑफिशियली लायसन्स्ड प्रॉडक्ट’ हेच त्यांचं नाव. त्यांची एमएम-२ दिसायला स्टिंगरेची धाकटी बहीण, पण आत प्रीअँप नव्हता, त्यामुळे आवाजात तो दणका नव्हता. तरीही लोकांनी ती घेतली, जमेल तेव्हा पिकअप बदलला, प्रीअँप बसवला आणि आपल्या हाताने तिला मोठं केलं. मला या गिटारीबद्दल फार माया आहे. काय दिलंय आणि काय दिलं नाही, हे तिने कधी लपवलं नाही.

स्वस्ताई नेमकी कुठून येते, हेही बघण्यासारखं आहे. २००३ च्या सुमारास कंपनीने अमेरिकेतच ‘सब’ नावाची कमी किमतीची बेस काढली होती. तिच्या अंगाला चकचकीत पॉलिशऐवजी खरबरीत रंग दिला होता. घासणं, थर चढवणं, पुन्हा घासणं यात कारागिराचे तास जातात आणि ते तासच महाग असतात. काही वर्षांत ती बंद झाली. २००९ पासून ‘स्टर्लिंग बाय म्युझिक मॅन’ हे नाव घेऊन परवान्याच्या गिटारी आशियात बनू लागल्या. आता त्यांत प्रीअँप असतो, आणि त्यांतल्या सगळ्यात साध्या मॉडेलची किंमत तीन-चारशे डॉलरच्या घरात असते.

स्वतःच्या परवानगीने स्वस्त गिटार काढायचा हा धडा फेंडर कंपनीने आधीच गिरवला होता. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्यांनी अमेरिकन गिटारींच्या अशा काही नकला केल्या, की मूळ कंपन्यांची झोप उडाली. गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये हेडस्टॉकच्या आकारावरून इबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला. फेंडरने मात्र १९८२ मध्ये जपानमध्येच भागीदारी केली आणि स्क्वायर हे नाव पुढे आणलं. त्या पहिल्या जपानी स्क्वायर आज जाणकार शोधून शोधून विकत घेतात. मला फेंडरचा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

पण कमी किमतीचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो, हेही विचारायला हवं. बड्या ब्रँडांसाठी गिटारी बनवणाऱ्या कॉर्ट कंपनीने २००७ मध्ये दक्षिण कोरियातले कारखाने बंद केले आणि उत्पादन परदेशी नेलं. काम गेलेले कामगार बारा वर्षं लढत राहिले. तडजोड झाली ती थेट २०१९ मध्ये. ज्या हातांनी पडदे ठोकले, मान घासली, त्यांची आठवण ठेवूनच गिटार हातात घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. परवाना देणाऱ्या कंपन्यांनी जसं लाकूड आणि पिकअप तपासावं, तशी कामगारांची स्थितीही तपासावी. ग्राहकांनी तसा आग्रह धरला तर ते होईल.

तेव्हा आईबापहो, परवान्याची बेस बिनदिक्कत घ्या. दुकानात मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा, पडद्यांच्या कडांवरून बोट फिरवा, टोचत असतील तर दुसरी मागा. थोडे पैसे बाजूला ठेवून चांगल्या कारागिराकडून तारांची उंची नीट करून घ्या. नवशिक्याची बोटं त्यानेच वाचतात. आणि बड्या कंपनीचं नाव हेडस्टॉकवर चिकटवून कुणी निम्म्याहून कमी किमतीत गिटार देऊ लागला, तर ती कितीही गोड वाजली तरी घेऊ नका.