आकडा बंद करायचीही एक रीत असते

शेअर बाजारात नोंदलेल्या टेक कंपनीकडे जरा जास्त तपशील मागा, उत्तर ठरलेलं: "प्रतिस्पर्ध्यांचा फायदा होईल." मला हे कारण अजिबात पटत नाही.

ॲमेझॉनचंच बघा. एडब्ल्यूएस, म्हणजे त्यांचा क्लाउडचा धंदा, एप्रिल २०१५ पर्यंत हिशेबात "इतर" नावाच्या गाठोड्यात बांधलेला होता. हजारो कंपन्या त्यावर सर्व्हर चालवत होत्या, पण तो नफ्यात आहे की तोट्यात हे भागधारकालाच ठाऊक नाही! मग आकडे पहिल्यांदा वेगळे आले. तिमाहीची विक्री सुमारे १५७ कोटी डॉलर, कामकाजातला नफा २६.५ कोटी. दुसऱ्या दिवशी शेअर उसळला. ते वाचून मायक्रोसॉफ्ट-गूगलने एडब्ल्यूएस बुडवलं का? २०२४ मध्ये त्याची विक्री १०,७०० कोटी डॉलरच्या वर होती. अहो, स्वतः डेटा सेंटर बांधणाऱ्यांना खर्चाचा अंदाज असतोच. अंधारात राहतो तो बाहेरचा साधा गुंतवणूकदार.

नियम नाहीत असंही नाही. अमेरिकेत नियम असा, की वरिष्ठ साहेब ज्या विभागवार आकड्यांवरून निर्णय घेतात, तेच विभाग गुंतवणूकदारांना दाखवायचे. पण साहेब काय बघतात हे सांगणार कोण? कंपनीच! गूगलने यूट्यूब घेतलं २००६ साली, त्याच्या जाहिरातींचं उत्पन्न वेगळं दिसलं फेब्रुवारी २०२० मध्ये.

त्याहून मला खटकतो तो चालू असलेला आकडा बंद करण्याचा प्रकार. १ नोव्हेंबर २०१८ ला ॲपलने सांगितलं की यापुढे किती आयफोन विकले ते सांगणार नाही. म्हणे, नव्वद दिवसांच्या नगांवरून धंद्याची तब्येत कळत नाही. (यात थोडं तथ्य आहे, फोन महाग होत चालले होते.) त्याच दिवशी पुढच्या तिमाहीचा अंदाज दिला, ८९ ते ९३ अब्ज डॉलर. २ जानेवारी २०१९ ला टिम कुकचं पत्र आलं: ८४ अब्ज, चीनमध्ये विक्री मंदावली. आणि नगांचा आकडा नसलेली पहिली तिमाही नेमकी हीच! योगायोग असेलही. पण टेस्ट फेल व्हायला लागली की टेस्टच कमेंट करून टाकणारा एक वीर प्रत्येक टीममध्ये असतो, आपण सगळ्यांनी बघितलाय.

नेटफ्लिक्सनेही ग्राहकसंख्या देणं थांबवलं. मला ते आवडलं नाही, पण २०२५ पासून बंद होणार हे त्यांनी एप्रिल २०२४ मध्येच सांगितलं होतं. एपीआय बंद करताना आपण हेच करतो ना? आधी नोटीस, मग ठरावीक काळ जुनं आणि नवं दोन्ही चालू. माझी मागणी एवढीच: निकालात एकदा नियमित दिलेला आकडा बंद करायचा असेल तर आठ तिमाह्या आधी लेखी सांगा, आणि तोवर देत राहा.

"आकडे देऊन काय होतं, सत्यमनेही दिलेच होते की!" असं कुणी म्हणेल. बरोबर. जानेवारी २००९ मध्ये कळलं, ५,०४० कोटी रुपयांची रोकड नुसती कागदावर होती. पण एक आकडा खोटा लिहिणं सोपं असतं. कर्मचारी किती, त्यातले बेंचवर किती, मोठ्या ग्राहकांकडून किती येतं, हे सगळं दर तिमाहीला एकमेकांशी जुळवत खोटं बोलणं फार कठीण. आपल्या इन्फोसिससारख्या कंपन्या यातलं बरंच काही वर्षानुवर्षं छापतात. त्यापायी त्यांचे ग्राहक कुणी पळवून नेल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.