गाडीचं बेअरिंग गेलं, बिल कोणी भरायचं?

पावसाळा उलटला की माणगावपासून महाडपर्यंत कुठल्याही गॅरेजला जा, एकच तक्रार ऐकू येते. "वळताना आवाज येतो हो." आणि उत्तरही जवळजवळ ठरलेलं. "एक्सल गेला, बदलावा लागेल." काही वेळा ते खरं असतं, प्रत्येक वेळी नाही.

म्हणून मंडळी, गाडी गॅरेजला द्यायच्या आधी पाच मिनिटं स्वतः कान द्या. मोकळं मैदान बघा, काचा खाली करा, गाणी बंद. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून गाडी अगदी हळू गोल घ्या. मग दुसऱ्या बाजूला. "कट-कट-कट" असा आवाज आला आणि चाकाच्या वेगाबरोबर तो वाढला, तर एक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा सीव्ही जॉइंट खराब झालाय. खाली वाकून बघा, त्याचं रबरी बूट फाटलेलं असेल आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल. नुसतं बूट फाटलंय आणि आवाज अजून नाही, तर बूट आणि ग्रीस बदलून थोडक्यात भागतं. आवाज सुरू झाला की जॉइंटच बदलावा लागतो.

आवाज "घूंऽऽ" असा, विमानासारखा, वेगाबरोबर वाढणारा असेल तर बेअरिंग. रस्त्याच्या लांब वळणावर तो नीट कळतो. गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, म्हणून उजव्या वळणावर आवाज वाढला तर बहुतेक वेळा डाव्या बाजूचं बेअरिंग गेलेलं असतं. हे मात्र पुढच्या पगारापर्यंत ढकलू नका. पार झिजलेलं बेअरिंग चाक जाम करतं, क्वचित चाक निखळतंही. आणि ब्रेक दाबल्यावरच घासत असेल तर आधी ब्रेक पॅड बघायला सांगा.

मागच्या महिन्यात माझ्याच गाडीला वळताना पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा "खर्रर्र" आवाज येऊ लागला. एका गॅरेजने चाक न काढताच दोन्ही एक्सल आणि वर पॉवर स्टिअरिंग ऑइल, असा अंदाज लिहून दिला. माझ्या गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आहे. त्यात तेल असतंच कुठे? (तुमचीही गाडी अलीकडची असेल तर ही ओळ बिलात आली की जरूर विचारा.) दुसरीकडे गेलो. तिथल्या काकांनी चाक काढलं, ब्रेक डिस्कमागच्या पातळ पत्र्यात अडकलेला खडा स्क्रूड्रायव्हरने काढला, वाकलेला पत्रा हातानेच सरळ केला. म्हणाले, "दादा, बेअरिंग ठणठणीत आहे तुमचं. खडी रस्त्याची आहे."

खडी रस्त्याची आहे, हाच माझा मुद्दा. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय. खड्डा पडला की सुटी खडी टाका, वरून कच टाका, नाहीतर पेव्हर ब्लॉक बसवा. पुढच्या सरीत सगळं वर. पाणी कडेला का जात नाही, गटार कुठे तुंबलंय, हे बघायला कुणी थांबत नाही. चाक न काढता एक्सल बदलायला सांगणारा मेकॅनिक आणि पाण्याला वाट न काढता खड्डा बुजवणारा ठेकेदार, दोघांची पद्धत एकच. फरक इतकाच की मेकॅनिक आपण बदलू शकतो.

आणि पैसे? आपल्या नेहमीच्या विमा पॉलिसीत झीज धरत नाहीत, म्हणजे बेअरिंग, जॉइंट, बुश सगळं आपल्या खिशातून. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला, आणि ती रक्कम जबाबदार अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायला सांगितली. आदेश चांगलाच आहे. पण माणूस पडल्यावरचा आहे. रोज सवारी करून पोट भरणाऱ्या आपल्या इको-मॅजिकवाल्यांच्या बिलाचा त्यात हिशेब नाही. बेअरिंग बदललं त्या दिवशीचा धंदाही बुडतो, तो वेगळाच.

रस्त्याच्या ठेक्यात दोषदायित्व कालावधी असतो. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. आपल्या टप्प्याचा हा कालावधी कधी संपतो आणि आजवरचे खड्डे कुणाच्या पैशाने बुजवले, एवढे दोनच प्रश्न मी येत्या सोमवारी माहिती अधिकारात टाकतोय. ज्यांनी या पावसाळ्यात बेअरिंग किंवा एक्सल बदललाय त्यांनी पक्क्या बिलाचा फोटो आणि रोज कुठून कुठे गाडी चालवता ते इनबॉक्समध्ये पाठवा. नाव झाकून पाठवलंत तरी चालेल. सगळी बिलं जोडून निवेदन देऊ. आणि हो, जुना काढलेला पार्ट गॅरेजमधून मागून घ्या, तिथे सोडून येऊ नका.