पान, पाऊस आणि पेटी

सिगार म्हटली की आपल्याला चर्चिलसाहेबांचा फोटो आठवतो. फार तर शेरलॉक होम्स. १८८७ सालच्या ‘अ स्टडी इन स्कार्लेट’मध्ये नुसत्या राखेवरून त्याने गुन्हेगाराचा चिरूट ट्रिचिनोपोलीचा, म्हणजे आपल्या तिरुचिरापल्लीचा, हे ओळखले होते. पण राख होण्यापूर्वी चिरूट घरात ठेवावा कसा, हे काही होम्स सांगत नाही. ती विद्या पापड-कुरडयांच्या जातीची आहे, म्हणून या सदरात तिला जागा.

सिगार म्हणजे अखेर गुंडाळलेले पान. हवा दमट असली की ते पाणी पिते, कोरडी असली की सोडते. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तपमान १८ ते २१ अंश सेल्सिअस, एवढ्यात ते सुखी असते. फार कोरडे झाले की वास उडतो आणि पानाचा चुरा होतो. फार दमट झाले की सिगार फुगते, वरचे पान फाटते, बुरशी धरते. हा तोल राखणारी लाकडी पेटी म्हणजे ह्युमिडॉर. तिला आतून बहुधा ‘स्पॅनिश सीडर’चे लाकूड लावतात. हे झाड ना स्पेनचे, ना खरे देवदार. ते अमेरिका खंडातले, आपल्या कडुनिंबाच्या कुळातले.

मला यात पडावे लागले ते मामींमुळे. मामा बोटीवर नोकरीला होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले, आणि मागे अशी एक पेटी राहिली. तीत हवानाच्या २४ सिगार. श्रावणात मामींनी मला दादरला बोलावून घेतले.

“धाकटा मे महिन्यात येतोय कॅनडाहून. ही पेटी त्याच्या हाती द्यायची आहे. त्याने ओढू नये असंच मला वाटतं रे, पण वडिलांची वस्तू त्याने कुजलेली बघू नये.”

पेटीत विलायती पुस्तकाबरहुकूम ओला स्पंज होता. तिकडे हिवाळ्यात घरे तापवतात, खोलीतली हवा सुकते, म्हणून पाणी घालावे लागते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. इथे पेटीने पाणी द्यायचे नसून बाहेरचे अडवायचे असते. स्पंज आधी काढला. (नागपूरकरांनी मात्र तो जपून ठेवावा; मेमध्ये लागेल. पाणी डिस्टिल्ड घ्यावे.)

मग पेटीतले आर्द्रतामापक यंत्र तपासले. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ते भिजवावे, विरघळवू नये. टोपण आणि यंत्र एका बंद पिशवीत रात्रभर ठेवावे. काटा ७५ वर यायला हवा. आमचा ६८ वर आला, म्हणजे यंत्र सात अंक कमी सांगत होते.

तेवढ्यात दोन सिगारांना टाचणीने टोचल्यासारखी भोके दिसली. हा तंबाखूचा भुंगेरा. तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरचा. धणे, हळद, मिरचीतही तोच होतो. त्या दोन टाकल्या. उरलेल्या २२ हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. एकदम उष्ण हवेत आणल्यास पान तडकते.

“तंबाखू? माझ्या फ्रीजमध्ये?” मामी म्हणाल्या. अडतीस वर्षे त्यांनी मामांना गॅलरीच्या आत सिगार पेटवू दिली नव्हती. क्षणभर थांबून त्यांनीच मटारची पिशवी बाजूला सारली.

आता पावसाळ्यापुरता बेत असा. पेटीचे झाकण घट्ट बसत नसेल तर सिगार रबरी कड असलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. सोबत ६५ टक्क्यांची पुडी टाकावी. ही पुडी दमट हवेतून पाणी घेते आणि कोरड्या हवेला देते. उन्हाळी घरात बुरशी लवकर धरते, म्हणून ७० चा हट्ट नको. डबा बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात नको, कारण तिला ओल येते. डांबरगोळ्या, उदबत्ती, मसाला यांपासून तो दूर असावा, कारण पान वास चटकन धरते. पंधरवड्यातून एकदा उघडून आकडा बघावा, हवा द्यावी आणि बंद करावा. नेहमीच्या फ्रीजमध्ये कायमचे ठेवू नये. तिथे पान सुकते आणि काल्याच्या लोणच्याचा वास धरते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. उत्तम जपलेली सिगार कमी अपायकारक होत नाही. धूर छातीत न घेतला तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. तेव्हा ही कृती वस्तू राखण्यासाठी आहे, ओढण्याची शिफारस नव्हे. ज्यांच्या घरी अशी एखादी पेटी कुणामागे राहिली असेल, त्यांनी निदान आज स्पंज तेवढा बघून घ्यावा.

पुढच्या आठवड्यापासून नेहमीप्रमाणे चिंच आणि मीठ.