ओळख पटली!

'तांत्रिक मुद्द्यावर सुटला' हे वाक्य आमच्या सुशिक्षित समाजात अलीकडे फार सैलपणे वापरले जाते. दरोड्याच्या खटल्यातील एखाद्या आरोपीस वरच्या न्यायालयाने दोषमुक्त केल्याची वार्ता सकाळच्या वर्तमानपत्रात येते, आणि चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वीच घरातील वडील मंडळी हा निवाडा देऊन मोकळी होतात. मग वकिलांची हुशारी, न्यायाधीशांचे औदार्य आणि पोलिसांची हतबलता यांवर यथेच्छ टीका होते. साक्षीदाराने भर न्यायालयात बोट दाखवून 'हाच तो' असे सांगितल्यावर आणखी पुरावा तो कसला हवा, असा या मंडळींचा सवाल असतो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हा सवालच मुळी चुकीचा आहे. आणि त्याची किंमत सदाशिव-नारायण पेठांतील आम्ही लोक देत नसून, ज्यांना वकीलही परवडत नाही असे लोक देत आहेत.

हे विधान हवेत राहू नये म्हणून आपल्याच महाराष्ट्रातील एक खटला वाचकांपुढे ठेवतो. ५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यातील बेलतगव्हाण येथे पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला. पाच जीव गेले. स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांचे वर्णन येथे करवत नाही. त्या रात्रीतून वाचली ती एक माता आणि तिचा मुलगा. पुढे या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील, मोलमजुरी करणाऱ्या सहा इसमांवर खटला भरण्यात आला. नाशिकच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांस फाशी ठोठावली. मुंबईच्या उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम करून तिघांस जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २००९ रोजी त्या उरलेल्या तिघांसही पुन्हा फाशीच्या रांगेत नेऊन उभे केले. लोकांस हायसे वाटले. अशा नराधमांना दुसरी शिक्षा ती कोणती?

आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती सिक्री, अब्दुल नझीर व शहा यांच्या पीठाने, सहाही जणांस निर्दोष सोडले!

हा चमत्कार कशाने घडला? नवा साक्षीदार आला नाही, नवा दैवी पुरावा प्रकटला नाही. जे होते ते पहिल्या आठवड्यापासूनच होते. गुन्ह्यानंतर दोनच दिवसांनी त्या वाचलेल्या मातेस पोलिसांनी सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा संग्रह दाखविला होता, आणि तिने त्यातील चार चेहरे ओळखले होते. ते चार इसम या सहांपैकी नव्हते. ते निराळेच होते. त्या चौघांवर खटला झाला नाही. तिचा तो जबाब विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे नोंदला गेला होता. पण सरकार पक्षाने तो न्यायालयापुढे आणण्याची तसदी घेतली नाही. पुढे न्यायालयात बोट उठले ते पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसांकडे. तीन न्यायालयांच्या पायऱ्या चढेपर्यंत त्या चार चेहऱ्यांचे वजन कोणासही जाणवले नाही!

येथे कोणी म्हणेल, ती माता खोटे बोलली काय? मुळीच नाही, आणि हाच माझ्या प्रतिपादनाचा गाभा आहे. आम्हांस साक्षीदारांचे दोनच प्रकार ठाऊक आहेत, खरा आणि खोटा. प्रामाणिकपणे चुकणारा हा तिसरा प्रकार आमच्या हिशेबातच नाही. खोटा साक्षीदार उलटतपासणीत अडखळतो, घाम पुसतो, वकिलाच्या हाती सापडतो. प्रामाणिकपणे चुकणारा मात्र अडखळत नाही, कारण त्याच्या मनात पाप नसते. त्याचे अश्रू खरे, त्याचा थरकाप खरा, त्याचा विश्वासही खरा. फक्त माणूस चुकीचा. अशा साक्षीपुढे चांगल्या चांगल्या न्यायाधीशांची बुद्धी शरण गेली तर नवल नाही.

या बाबतीत मी दुसऱ्यास दोष देण्यापूर्वी स्वतःची कबुली देणे उचित होय. पुष्कळ वर्षांपूर्वी एका रात्री माझ्या पत्नीच्या हातातील पिशवी हिसकावून एक इसम अंधारात पळाला. मी त्यास चांगला पाहिला होता. निदान तसे मी शपथेवर सांगितले असते. पुढे मला काही छायाचित्रे दाखविण्यात आली, आणि मी क्षणाचाही विलंब न लावता एकावर बोट ठेवले. 'साहेब, नक्की?' असे विचारताच मला रागच आला. पंचवीस वर्षे मुलांचे चेहरे पाहून हजेरी घेणाऱ्या प्राध्यापकास हा प्रश्न! चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे की, तो मनुष्य त्या रात्री दुसऱ्या जिल्ह्यातील तुरुंगात होता. त्याचे नशीब थोर, म्हणून तो आधीच कैदेत होता; तो बाहेर असता तर माझ्या प्रतिष्ठेने त्यास आत पाठविले असते. विशेष हे की, आजही त्या रात्रीचे स्मरण करू लागलो असता मला दिसतो तो त्या छायाचित्रातलाच चेहरा. मूळचा चेहरा कायमचा पुसला गेला.

स्मृती ही पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे, की केव्हाही काढावी आणि जशीच्या तशी पाहावी. ती दर वेळी नव्याने रचली जाते, आणि त्या रचनेत नंतर पाहिलेले व ऐकलेले मिसळून जाते. अमेरिकेतील लॉफ्टस व पामर यांनी १९७४ मध्ये दाखविले की, मोटारींच्या अपघाताचा एकच चित्रपट पाहिलेल्या लोकांस 'मोटारी एकमेकींस लागल्या' असे म्हणून वेग विचारला तर उत्तर कमी येते, आणि 'एकमेकींवर आदळून चुरडल्या' असे म्हणून विचारला तर अधिक येते. एका क्रियापदाने जर स्मृती वाकते, तर पोलीस ठाण्यातील एका सूचक कटाक्षाने काय होत नसेल? त्याच देशात जनुकीय तपासणीमुळे निर्दोष ठरलेल्या पहिल्या ३७५ माणसांच्या प्रकरणांत सुमारे ६९ टक्के ठिकाणी प्रत्यक्ष पाहणाऱ्याची चूक आढळून आली.

इंग्लंडास हा धडा त्याहून पुष्कळ आधी मिळाला. अॅडॉल्फ बेक नावाच्या गृहस्थास १८९६ मध्ये लंडनात अनेक स्त्रियांनी 'आम्हांस ठकविणारा हाच' म्हणून ओळखले. त्याने शिक्षा भोगली. मूळचा ठक तो नव्हे, हे १८९८ मध्ये शरीरावरील एका खुणेवरून सरकारी दप्तरास कळले. तरी दप्तराने केवळ त्याचा कैदी-क्रमांक बदलला! १९०४ मध्ये त्यास पुन्हा ओळखण्यात आले, पुन्हा दोषी ठरविण्यात आले. आणि तो आत असतानाच खरा ठक तोच धंदा करताना सापडला. त्या प्रकरणाच्या धक्क्याने १९०७ च्या कायद्यान्वये इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय जन्मास आले. अपील ही लबाडांची पळवाट आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, चुकीच्या ओळखीनेच त्या देशाला अपिलाची गरज पटवून दिली.

आता आमच्याकडील व्यवस्था पाहू. ओळख परेडीसाठी नियम नाहीत असे नव्हे. उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे की, एका संशयितामागे त्याच्याच वयाचे व चेहरेपट्टीचे सुमारे अर्धा डझन इसम उभे करावेत, आणि एका परेडीत दोहोंपेक्षा अधिक आरोपी नसावेत. नियम उत्तमच आहेत. परंतु न्यायनिर्णयांनी ठरलेले तत्त्व असे की, परेड हा स्वतंत्र पुरावा नव्हे; मुख्य पुरावा म्हणजे न्यायालयात, शपथेवर केलेली ओळख. आता वाचकांनीच सांगावे, घटनेनंतर दोन-तीन वर्षांनी, दोन शिपायांच्या मध्ये पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखविण्यास स्मृती कशाला हवी? डोळे असले म्हणजे पुरे! १८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवी संहिता अमलात आली. पण हा उफराटा क्रम नव्या पोशाखात तसाच चालू आहे.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, साक्षीदारावर इतका अविश्वास दाखविला तर दरोडेखोर मोकाट सुटतील. मी उलट विचारतो, बेलतगव्हाणच्या त्या मातेस न्याय मिळाला काय? चुकीच्या सहांना धरून ठेवल्यामुळे तिने प्रथम ओळखलेल्या चौघांचा तपास सोळा वर्षे खोळंबला; तो पुढे करावा, असे सर्वोच्च न्यायालयास २०१९ मध्ये सांगावे लागले. चुकीचा मनुष्य आत जातो तेव्हा खरा गुन्हेगार बाहेर राहतो, हे अंकगणित आमच्या कठोर मंडळींस कधी समजणार? दुसरा आक्षेप असा की, शेवटी ते सुटले ना? मग व्यवस्था ठीकच आहे! ठीक? त्यांच्यातील एक तर गुन्ह्याच्या वेळी अज्ञान वयाचा होता, असे निष्पन्न झाले. प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा हुकूम झाला. सोळा वर्षांनी भागले असता दिवसास ऐंशी-नव्वद रुपये पडतात.

शिवाय ते सुटले ते कशामुळे, हेही पाहावे. फाशीच्या प्रकरणात फेरविचाराचा अर्ज तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात ऐकावा, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये ठरविले. त्या दारातूनच या सहांचे प्रकरण पुन्हा आत आले, आणि २०१८ मध्ये जुना निकाल मागे घेतला गेला. म्हणजे त्यांना फाशी झाली होती म्हणून ते वाचले! त्यांना नुसती दहा वर्षांची सक्तमजुरी झाली असती, तर हे दार त्यांच्यासाठी नव्हतेच. आज महाराष्ट्रातील तुरुंगांत, आमच्या येरवड्याच्या भिंतीआडही, निव्वळ ओळखीच्या पुराव्यावर सात-दहा वर्षे भोगणारे जे कोणी असतील, त्यांच्यासाठी उच्च न्यायालयातील अपील हीच बहुधा पहिली आणि अखेरची आशा होय. त्या अपिलास 'तांत्रिक' म्हणून हिणविणे हे निष्ठुरपणाचे लक्षण आहे.

म्हणून मागणे इतकेच की, साक्षीदाराने कोणास ओळखले आणि कोणास ओळखले नाही, या दोहोंची नोंद पहिल्या दिवसापासून आरोपीच्या वकिलास मिळालीच पाहिजे. छायाचित्रे दाखविताना व परेड घेताना संपूर्ण चित्रमुद्रण व्हावे, आणि संशयित कोणता हे परेड घेणाऱ्यासच ठाऊक नसावे. इंग्लंडात १९७६ च्या टर्नबुल खटल्यापासून न्यायाधीश पंचांस बजावतात की, प्रकाश किती होता, अंतर किती, वेळ किती, पहिल्या वर्णनात व या माणसात फरक काय, हे तपासल्याविना ओळखीवर विसंबू नका. आमच्याकडे ज्युरी उरली नाही. तेव्हा न्यायाधीशाने हीच सूचना निकालपत्रात स्वतःस लेखी द्यावी. आणि आधीची निर्दोष परेड नसता, केवळ पिंजऱ्याकडे दाखविलेल्या बोटावर अनोळखी माणसास कोणासही शिक्षा होऊ नये.

राहिला आपला वाटा. देवलांच्या 'मृच्छकटिका'त निरपराध चारुदत्तास वधस्तंभाकडे नेताना पुण्याच्या प्रेक्षकांनी पिढ्यानपिढ्या डोळे पुसले आहेत. तेथे वसंतसेना जिवंत परतते, आणि सर्व गोड होते. परंतु चारुदत्त कुलीन होता, गुणी होता, म्हणून आमची सहानुभूती त्यास सहज मिळाली. पालावर राहणाऱ्या, नाव-गाव न विचारल्या गेलेल्या मजुरासाठी तेच अश्रू आमच्यापाशी आहेत काय? पंच म्हणून बोलावले असता आम्ही आजारी पडतो. साक्षीस बोलावले असता परगावी जातो. आणि निकाल लागल्यावर मात्र सर्वांच्या आधी बोलतो. उद्या आपणांपैकी कोणावर ओळख पटविण्याचा प्रसंग आला, तर 'मला खात्री नाही' हे तीन शब्दांतील साधे सत्य सांगण्याचे धैर्य आपण दाखवावे. त्यात नामुष्की नाही. मी ते एकदा दाखविले नाही. तुरुंगाच्या एका भिंतीने माझी अब्रू आणि एका माणसाचे आयुष्य वाचविले. दर वेळी भिंत मदतीस येईलच असे नाही.