गोवर फक्त अफवेमुळे पसरला नाही

ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी गोवंडीच्या रफिक नगरमध्ये ४८ तासांच्या आत एकाच घरातली तीन लहान मुलं दगावली. संशय गोवरचा. त्यानंतर मुंबई, भिवंडी, मालेगाव ही नावं रोज बातम्यांत येऊ लागली आणि चर्चेने नेहमीची वाट धरली. मुस्लिम वस्ती, लस नको म्हणणारे लोक, मौलाना वगैरे. आम्हाला यात अर्धंच सत्य दिसतं. पण ते अर्धं आधी कबूल केलं पाहिजे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी. आमच्या उर्दू शाळेत लसीच्या दिवशी निम्मा वर्ग रिकामा होता. या सुईने पुढे औलाद होत नाही, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होतं. एका मुलाच्या अम्मीने कागद पुढे केला, "सर, कुछ नहीं होगा, ये आप लिखकर दो." आम्ही लिहून दिलं नाही, हेडमास्तरांकडे बोट दाखवलं. त्या बाई मुलाला घेऊन घरी गेल्या. याची आज लाज वाटते.

खसरा निघतो, आठ दिवसांत उतरतो आणि पोरगं उलट मजबूत होतं, असं आपल्याकडे अजून मानतात. घडतं नेमकं उलटं. एकदा झालेला आजार ओळखून ठेवणाऱ्या पेशी शरीरात असतात, गोवरचा विषाणू त्यांच्यावरच हल्ला करतो. शाळेच्या भाषेत सांगायचं तर हजेरीचं रजिस्टरच जळतं. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोवरनंतर त्यांच्या रक्तातल्या जुन्या आजारांविरुद्धच्या अँटिबॉडीज ११ ते ७३ टक्क्यांनी घटल्या होत्या. म्हणून पुरळ गेल्यावरही न्यूमोनिया, जुलाब मुलाला गाठतात, आणि मूल आधीच कुपोषित असेल तर जीवावर बेततं. विषाणूला मारणारं खास औषध नाही. अँटिबायोटिक न्यूमोनियासारख्या नंतरच्या संसर्गासाठी असतं. 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठ दोन दिवस देतात, ते मात्र चुकवू नयेत.

आता उरलेलं अर्धं. लस न घेतलेल्या वस्तीत गोवरचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो. रुग्ण खोलीतून गेला तरी विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ माणसं राहतात तिथे याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको. हा आजार रोखायचा तर ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. कोरोनाच्या दोन वर्षांत नेहमीचं लसीकरण विस्कळीत झालं, कुटुंबं गावी गेली, परत आली, घर बदललं, लसीचं कार्ड हरवलं. यात अफवा कुठे आहे? नऊ महिन्यांखालच्या बाळाला तर एरवी ही लस देतच नाहीत, त्याचा बचाव शेजारच्या मुलांच्या लसीवर असतो. २०२२ मध्ये उद्रेकाच्या भागात ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही डोस आणि पाच वर्षांपर्यंत एक जादा डोस, असा निर्णय झाला. निर्णय चांगला आहे, उशिरा झाला.

आणि मजहबचं म्हणाल, तर देवी आणि गोवर हे दोन वेगळे आजार कसे ओळखायचे, यावर हजार वर्षांहून आधी स्वतंत्र किताब लिहिणारे हकीम अबू बक्र अल-राझी आपलेच. नाव सगळे अभिमानाने घेतात, सुईच्या वेळी कोणाला आठवत नाहीत.

गेल्या जुम्याला आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत इमामसाहेबांनी खुतब्याआधी लसीकरण शिबिराची वेळ सांगितली, सकाळी ११ ते २. बाहेर चपला घालताना एका तरुण बापाने विचारलं, "सर, शाम को नहीं है क्या? दोनों काम पे रहते." त्याच्याकडे उत्तर नव्हतं, आमच्याकडेही नव्हतं. संध्याकाळचं शिबिर घ्या, असं पत्र आम्ही आरोग्य केंद्राला दिलं आहे. या वेळी लिहून दिलं, सहीसकट.