बळीची नैतिक कृती

नाझी संहार आपल्या वर्गांत शिकविला जातो तो बहुधा हिटलरच्या चरित्राचे परिशिष्ट म्हणून. वि. ग. कानिटकरांच्या गाजलेल्या ग्रंथाचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' हे शीर्षकच या दृष्टीचे निदर्शक आहे. भस्मासुर अखेर स्वतःच्याच हाताने भस्म होतो. त्या कथेत जळणाऱ्यांना नाव नसते, कृती तर नसतेच. 60 लाख ज्यू मग हळहळण्यापुरता आकडा उरतात.

या करुणावादी अध्यापनाला आमचा विरोध आहे. वॉर्साच्या घेट्टोत 18 जुलै 1942 रोजी यानुश कोर्चाक यांनी आपल्या अनाथाश्रमातील मुलांकडून रवींद्रनाथांचे 'डाकघर' करवून घेतले. घेट्टो सोडण्याच्या संधी नाकारून ऑगस्टमध्ये ते मुलांसह त्रेब्लिंकाला गेले. माणसे हद्दपारीसाठी सोपविण्याचा हुकूम आल्यावर ज्यू मंडळाचे अध्यक्ष आदाम चेर्न्याकुव यांनी 23 जुलैला आत्महत्या केली. इमानुएल रिंगेलब्लुम यांनी सहकाऱ्यांसह घेट्टोतील जीवनाचे दस्तऐवज जमवून पुरून ठेवले. त्यांतले दोन साठे 1946 आणि 1950 मध्ये हाती आले. या निवडींना गुण देणे हे शिक्षकाचे काम नव्हे. मारेकऱ्यांनी निवडीचा अवकाश किती आवळला होता आणि तरीही माणसे त्यात कशी वागली, हे वाचावयास शिकविणे हे त्याचे काम.

आंधळगावच्या शाळेत हे कशासाठी, असे कोणी विचारील. आंधळगाव पोलीस ठाण्याच्याच हद्दीत, खैरलांजी येथे, 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. राज्ययंत्रणेने चालविलेला वंशसंहार आणि गावजमावाने केलेले हत्याकांड यांना एकाच मापाने मोजणे हा वैचारिक आळस होय. पण वाचनाची चूक दोन्हीकडे एकच आहे. सुरेखा भोतमांगे आपल्या स्मरणात उरतात त्या केवळ विटंबित देह म्हणून. एका मारहाणीच्या प्रकरणात त्यांनी हल्लेखोरांची ओळख पटविली होती, ही त्यांची नैतिक कृती मात्र विस्मृतीत जाते. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हत्येमागे जातिद्वेष नव्हे, सूड होता, असा निष्कर्ष काढला. विद्यार्थ्याने येथे विचारले पाहिजे: सूड कशाचा? दलित स्त्रीने साक्ष देण्याचे धैर्य दाखविले याचा सूड जातीपासून वेगळा काढता येतो काय?

हा प्रश्न वर्गाबाहेर ठेवून वॉर्सासाठी अश्रू ढाळणाऱ्या शाळेने वॉर्साही वाचलेले नाही.